कपाळाचं नाक

"नाक गेलं, पण जीव वाचला."

उदगीरच्या मोंढ्यात उभ्या उभ्या गुरुबसप्पांनी एवढंच ऐकलं आणि भर बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळ्या लावून ते घरी आले. निरोप आणणारा भुजंग कांबळे अहमदपूरकडचा, फौजेतला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात त्यांच्या बसवराजच्या शेजारच्या खाटेवर होता. त्याला अजून बरंच सांगायचं होतं, पण पुढचं ऐकायला गुरुबसप्पा थांबलेच नाहीत. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दानम्मानं विचारलं, "बसवराजची काय खबर हाय?" तर म्हणाले, "जिता हाय." पोरगा जिवंत असल्याचं सांगणाऱ्या बापाचं तोंड असं सुतकी का, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

मराठी माणसाला हे उलगडून सांगायला नको. नाक गेलं म्हणजे अब्रू गेली. एकाहत्तरच्या लढाईवर गेलेल्या पोराचं नाक गेलं पण जीव वाचला, याचा सरळ अर्थ पोरगं मोर्चा सोडून पळालं. गुरुबसप्पांचा उभा जन्म धान्याच्या व्यापारात गेला, मापात पाप केलं नाही म्हणून चार लोकांत मान होता, आणि आता हे. ते जेवले नाहीत. नवरा जेवला नाही म्हणून दानम्माही जेवली नाही. शेवटी तिच्याच्यानं राहवेना. भुजंग उदगीरला बहिणीकडं उतरला आहे असं कळलं, तशी डोक्यावर पदर घेऊन ती भीमनगरात गेली आणि त्याला हाताला धरून घरी घेऊन आली.

"काय केलं माझ्या लेकरानं? आमचं नाक कापलं काय त्यानं?" तिनं विचारलं.

भुजंग चक्रावला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं. "माय, नाक म्हंजी हे नाक. तोफगोळ्याचा तुकडा आला आन घिऊन गेला. पळालं काय म्हनता? सायब जखमी झाल्ता, त्याला वढून आनताना झालं हे."

गुरुबसप्पा उठून बसले. त्यांच्या जिवात जीव आला, तो चेहऱ्यावर दिसला. दानम्मालाही आधी हायसंच वाटलं. पोराचं नाक तुटल्याचं ऐकून आपल्याला हायसं वाटलं, याची तिला मागाहून इतकी लाज वाटली की ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग डोळे पुसून बाहेर आली आणि भुजंगला घरातल्याच तांब्यातून पाणी दिलं. गुरुबसप्पांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बसवराज उन्हाळ्यात घरी आला. जखम भरायला, कातडी मऊ पडायला वेळ लागतो, तोवर घरी राहा आणि मग ऑपरेशनला या, असं दवाखान्यानं सांगितलं होतं. तोंडाला उपरणं गुंडाळून तो एस.टी.तून उतरला आणि घरात येईपर्यंत त्यानं ते सोडलं नाही. सोडलं तेव्हा दानम्मानं आधी नजर वळवली, मग पुन्हा पाहिलं. आई झाली म्हणून नजर वळत नाही असं नाही. डोळे शाबूत होते, जबडा शाबूत होता, मधलं तेवढं गेलं होतं. नाकाच्या जागी दोन भोकं आणि भोवती ओढली गेलेली लाल कातडी. आवाज गेंगाणा झाला होता. "अव्वा," त्यानं हाक मारली, तीसुद्धा तिला क्षणभर ओळखू आली नाही.

तिनं विभूतीची गट्टी आणली. तीन बोटं ओली केली, गट्टीवर घासली आणि त्याच्या कपाळावर आडवे तीन पट्टे ओढले. हे ती तो पाळण्यात होता तेव्हापासून करत आली होती. विभूती लावल्याशिवाय त्या घरात कुणी अन्नाला शिवत नसे. शाळेत जाताना, तालमीत जाताना, फौजेच्या भरतीला जाताना, दर वेळी तिनं त्याच्या कपाळाला बोटं लावली होती. कपाळ जसंच्या तसं होतं. रुंद, गुळगुळीत, त्याच्या आज्यासारखं. बोटं टेकली तेव्हा तिला पोरगा परत आल्यासारखा वाटला.

आता ऑपरेशनची गोष्ट. दवाखान्यातले मेजरसाहेब प्लास्टिक सर्जरी करून नवं नाक बसवणार, असं बसवराजनं सांगितलं. उदगीरच्या बाजारात तेव्हा प्लास्टिकच्या बादल्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. गुरुबसप्पांनी व्यापाऱ्याला शोभेल असाच विचार केला. "बादली उन्हात ठिवली की वाकडी व्हती. नाकाचं काय?" दानम्माला उन्हाची फिकीर नव्हती. ती म्हणाली, "रंग तेवढा आपल्या अंगासारखा बगून घे म्हनावं. निळं-बिळं बसिवतील." म्हणजे प्लास्टिकच्या नाकाला घरातून मंजुरी होती. बसवराजनं काही खुलासा केला नाही.

खुलासा केला भुजंगनं. हात बरा होईपर्यंत तो अजून रजेवरच होता, बसवराजला भेटायला घरी आला, आणि नाकाच्या रंगाची चर्चा ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अवो, प्लास्टिक नुसतं नावाला हाय. कातडी आपलीच असती." त्यानं आपला उजवा हात पुढं केला. टँक जळाला तेव्हा बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती. डॉक्टरांनी ती सोडवली, हात पोटाला शिवून ठेवला, पोटाची कातडी हाताला धरली आणि मग हात पोटापासून वेगळा केला. "आता घरचं खाऊन पोट सुटायलंय, तर हे बी फुगायलंय," असं म्हणून त्यानं हाताच्या पाठीवरची गुबगुबीत कातडी दाबून दाखवली. दानम्माही हसली.

"मग ह्याच्या नाकाला बी पोटाची लावतेत?"

"न्हाई माय. नाकाला कपाळाची."

दानम्माचं हसू तिथंच थांबलं. भुजंगनं मेजरसाहेबांकडून ऐकलेलं सगळं हातवारे करून समजावलं. कपाळावर पानाच्या आकाराची कातडी आखायची. दोन भुवयांच्या मध्ये देठ राखून ती सोडवायची, खाली वळवायची आणि नाकाच्या जागी शिवायची. कपाळ उघडं पडतं, त्यावर मांडीची पातळ कातडी लावायची. पान खाली रुजलं की देठ कापायचा. ही विद्या विलायतेची नव्हे, इथली. टिपूच्या लढाईत एका गाडीवानाचं नाक कापलं होतं, त्याला आपल्याच मुलखातल्या माणसानं असंच कपाळाचं नाक करून दिलं होतं, ते बघून गोरे डॉक्टर शिकले. भुजंग हे अभिमानानं सांगत होता. दानम्मा ऐकत नव्हती.

"कपाळाला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

कारणं तिच्याकडं दोन होती. एक विभूतीचं, ते तिनं सांगितलं. दुसरं नशिबाचं, ते सांगायला ती जरा कचरली, कारण लिंगायताच्या घरात सटवीनं कपाळावर लिहून ठेवण्याच्या गोष्टी मानू नयेत. दानम्मा त्या मानत नव्हती, फक्त पुसू द्यायला तयार नव्हती. खरं कारण तिसरंच होतं आणि ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. पोराच्या चेहऱ्यावर तिच्या ओळखीचं तेवढंच उरलं होतं.

"दंडाची कातडी घ्या म्हनावं," ती म्हणाली.

"दंडाची बी घेतेत. पर ती पांढुरकी पडती, रंग जुळत न्हाई. हात तोंडाला बांधून ठिवावा लागतो ते आनखी. सायब म्हनले, कपाळासारखी दुसरी न्हाई," भुजंग म्हणाला.

"अव्वा न्हाई म्हनती तर ऱ्हाऊ दे," बसवराज चटकन म्हणाला. पोरगा आपल्या शब्दाबाहेर नाही, याचं दानम्माला त्या दिवशी कौतुक वाटलं. इतक्या चटकन कसा म्हणाला, हे तिच्या मनात आलं नाही.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही. मृग गेला, आर्द्रा गेल्या, मोंढ्यात धान्याच्या गाड्या येईनात आणि गुरुबसप्पा रिकाम्या तराजूची धूळ झटकत बसू लागले. उदगीर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. जिल्हा लांब, साहेब लांब, पण दुष्काळी कामं मात्र गावोगाव निघाली. अहमदपूरच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम सुरू झालं आणि बसवराज तिथं जाऊ लागला. फौजी माणूस म्हणून ओव्हरसियरनं त्याला पाण्याच्या टँकरवर रांग लावायला ठेवलं. घरात अंधाऱ्या खोलीत बसून राहणारा पोरगा उजाडताच बाहेर पडतो, संध्याकाळी घामेजून येतो, हे बघून आईबापाला बरं वाटलं. गुरुबसप्पा म्हणायचे, "रमला तिथं."

तो का रमला, हे दानम्माला त्या रस्त्यावर गेल्यावर कळलं. एके दिवशी तो भाकरीचं फडकं विसरून गेला. ते घेऊन ती निघाली. रस्त्यावर पोचली तर समोर शेकडो माणसं, आणि एकाचंही तोंड दिसेना. खडीचा धुरळा असा उडत होता की बायांनी पदर, गड्यांनी पंचे डोळ्यांखाली करकचून बांधले होते. सगळ्यांचे नुसते डोळे. त्यात आपला पोरगा हुडकायला तिला वेळ लागला. टँकरपाशी उपरणं बांधून तो उभा होता, कुणाला दटावत होता, कुणाची थट्टा करत होता, आणि गेंगाण्या आवाजाकडं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण फडक्याआडून सगळ्यांचाच आवाज तसा येत होता. अख्ख्या तालुक्यात हीच एक जागा होती जिथं तो चारचौघांसारखा होता. दानम्माला आनंद झाला.

मग जेवणाची सुट्टी झाली. माणसांनी पंचे सोडले, पदर सोडले, तोंडं पुसली आणि घोळक्यानं बसून भाकऱ्या सोडल्या. एक म्हातारी ओरडली, "फौजी, ये की रं हिकडं, चटनी हाय." दानम्मानं पोचवलेलं फडकं नुकतंच बसवराजच्या हातात पडलं होतं. "उपास हाय," तो म्हणाला. दानम्माकडं न बघता तो खडीच्या ढिगाऱ्यामागं गेला.

ती थोड्या वेळानं मागोमाग गेली. तो सगळ्यांकडं पाठ करून, उकिडवा, ढिगाऱ्याला चिकटून बसला होता. उपरणं वर करून घाईघाईनं घास कोंबत होता. खडीवर तिचं पाऊल वाजलं. तसं त्यानं हातातली भाकरी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या वर्षी, त्या रस्त्यावर, भाकरी टाकली.

तिनं भाकरी उचलली, माती झटकली आणि त्याच्या शेजारी बसली. कानडी घरात मुलाला मगा म्हणतात, तसं ती त्याला एकट्यात म्हणत असे.

"मगा, अव्वा न्हाई म्हनती, असं तू दवाखान्याला कळिवलास काय?"

त्यानं तोंड ढिगाऱ्याकडं वळवलं.

"माझ्या पदराआड लपलास तू. भ्या तुला वाटायलंय."

मग तो तोंडावरचे हात न काढताच म्हणाला, "कपाळ बी गेलं आन नाक बी झालं न्हाई, तर? मग काय ऱ्हातंय, अव्वा? तू हात कुठं लावचील?"

लढाईत साहेबाला ओढून आणणाऱ्या पोराला भीती कशाची वाटत होती, ते हे. दानम्माला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि तितकाच स्वतःचा रागही आला. कपाळ कपाळ करून आपणच ही भीती त्याच्या मनात रुजवली होती.

"हात माझा हाय," ती म्हणाली. "कुठं लावायचा ते मी बगीन. तू जा आन नाक करून घे. आधी ही भाकरी खा."

त्यानं खाल्ली. ती समोर बसून राहिली.

पुण्याला त्याच्याबरोबर तीच गेली. गुरुबसप्पांना दवाखान्याच्या वासानं भोवळ येते, म्हणून ते दुकान सांभाळायला राहिले. लातूरहून छोट्या गाडीनं कुर्डूवाडी आणि तिथून मोठ्या गाडीनं पुणं. भुजंगलाही हात दाखवायला जायचंच होतं, त्यानं वाटेत माय-लेकांना जागा धरून दिली. वॉर्डात गेल्यावर दानम्माला कळलं की आपला एकटाच नाही. कुणाला जबडा नव्हता, कुणाचा कान भाजून गेला होता, एकाचा दंड तोंडाला बांधून ठेवला होता. लढाई संपून सहा-आठ महिने झाले, पेढे वाटून लोक विसरूनही गेले, आणि इथं पोरांची तोंडं अजून शिवली जात होती. याचा तिला फार संताप आला, पण कुणावर काढावा ते कळेना.

ऑपरेशननंतर तिला आत सोडलं. बसवराज उशाला टेकून बसला होता. कपाळावर पट्टी, दोन भुवयांच्या मधून पिळलेल्या कातडीचा जाड देठ खाली उतरलेला, आणि त्याच्या टोकाला सुजलेला, टाके घातलेला गोळा. ते नाक. दानम्मानं सवयीनं कमरेची पिशवी चाचपली, तशी सिस्टर म्हणाली, "राख-बिख काही लावायची नाही हां, जखम चिघळेल."

"न्हाई लावत," दानम्मा म्हणाली. पण बोटं नुसती कशी ठेवावीत? कपाळावर पट्टी. हात कुठं लावायचा ते बगीन म्हणाली होती, ती जागा हुडकायची वेळ आली. तिनं हात स्वच्छ धुतले आणि कोरडी तीन बोटं, लोण्याला टेकवावीत इतकी हलकी, त्या नव्या नाकाच्या शेंड्याला टेकवली.

बसवराजनं डोळे मिटले. "अव्वा," तो म्हणाला, "कपाळाला लागलं."

दानम्माला वाटलं, औषधाची गुंगी आहे. तिनं बोटं उचलली. "आता?"

"आता न्हाई."

पुन्हा टेकवली. "आता?"

"हाव. कपाळाला. मधोमध, पट्टे ओढतीस तिथंच." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिच्याही.

मेजरसाहेब फेरीला आले तेव्हा ती त्यांना धरूनच बसली. ते हसले. "बरोबर आहे, आई. कातडी खाली आली, पण तिची नस अजून वरूनच येते. तिला वाटतं आपण कपाळच आहोत. काल नाकावर माशी बसली, तर हा कपाळ झटकत होता."

"मंग हे असंच ऱ्हाईल?"

"नाही. देठ कापला की काही दिवस काहीच कळणार नाही. मग शेजारून नव्या नसा येतील आणि नाकाला लावलेलं नाकालाच लागेल. कपाळ विसरून जाईल ते."

"इसरलंच पायजे का?"

मेजरसाहेबांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. "नाक व्हायचंय ना त्याला," ते म्हणाले.

देठ कापेपर्यंत दानम्मा रोज दुपारी यायची, हात धुवायची आणि बोटं टेकवायची. "लागलं का?" "लागलं." "कुठं?" "कपाळाला." शेजारच्या खाटांवरची पोरं आधी हसली. मग दानम्मा आली की वॉर्डात आपोआप शांतता व्हायला लागली. देठ कापल्यावर एके दुपारी तिनं विचारलं आणि बसवराज म्हणाला, "न्हाई लागलं, अव्वा." ते ती जाणून होती. तरी त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

नाक पुढं चांगलं झालं. दोनदा आणखी कापकूप करून साहेबांनी त्याला बाक आणला. जरा जाड, जरा चकचकीत, पण नाकच. बसवराज उदगीरच्या मोंढ्यात तोंड उघडं टाकून हिंडला. उदगीरच्याच शिवकांताशी लग्न झालं, तिनं मांडवात त्याच्याकडं नीट डोळे वर करून पाहिलं, आणि गुरुबसप्पांनी मोंढ्यात ज्याला त्याला सांगितलं की पोरानं घराण्याचं नाक राखलं. या वाक्यावर हसायचं की नाही ते लोकांना ठरवता येत नसे.

दहा वर्षं गेली. उस्मानाबाद तोडून लातूर नवा जिल्हा झाला. नव्या कलेक्टर कचेरीत माजी सैनिक म्हणून बसवराज शिपायाच्या जागेवर लागला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन लातूरला राहायला आला. गुरुबसप्पा तोवर गेले होते. दानम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण विभूतीची गट्टी तिला अंधारातही सापडत असे.

जिल्ह्याच्या उद्घाटनाच्या सकाळी गावभर कमानी उभ्या होत्या. बसवराजनं जुना गणवेश चढवला, छातीवर पदकं लावली आणि रोजच्यासारखा आईसमोर पाटावर बसला. दानम्मानं कपाळावर तीन पट्टे ओढले. तिथं मांडीची कातडी, तिला स्पर्श कळत नसे. मग बोटाला उरलेली विभूती तिनं नाकाच्या शेंड्याला लावली.

"अव्वा, आज तरी नाकाला नगो," शिवकांता म्हणाली. "मोठमोठे सायब येनार हायेत."

"ऱ्हाऊ दे," बसवराज म्हणाला.

"लागलं का?" दानम्मानं विचारलं.

"लागलं."

"कुठं?"

नाकाला लावलेलं कधीच नाकाला लागायला लागलं होतं. नव्या नसा त्याच वर्षी आल्या होत्या, मेजरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे. हे बसवराजला ठाऊक होतं. दानम्मालाही ठाऊक होतं, साहेबांनी आधी तिलाच तर सांगितलं होतं. तरी गेली दहा वर्षं ती रोज विचारत होती, आणि विचारून झाल्यावर हात तसाच धरून थांबत होती.

"कपाळाला, अव्वा," तो म्हणाला. मग टोपी घातली आणि नाकावरची विभूती तशीच ठेवून झेंडावंदनाला गेला.